वायरीला लावलेला फोन

थंडर बे,
२३ ऑगस्ट, दुपार

प्रिय रेइनो,

कसा आहेस? खाणीवरचं जेवण सुधारलं का? इकडे सगळं ठीक आहे. ब्लूबेरी यंदा लवकर आल्या. बाबांनी तीन बादल्या काढल्या, म्हणजे दोन त्यांनी आणि एक मी, पण लोकांना सांगताना ते तीनच सांगतात. सौनाच्या, आपल्या त्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावर नवा पत्रा घातला. मांजर जाड झालं आहे आणि त्याचा दोष बाबा मला देतात.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तू चकित झाला असशील. तू आठवीत शिबिराला गेला होतास तेव्हा मी तुला असं शेवटचं लिहिलं होतं, तुझी सायकल मोडली ते कळवायला. आता फोन तू उचलत नाहीस, आणि जे सांगायचं आहे ते पडद्यावर लिहिण्याची माझी छाती होत नाही. पडद्यावर मी दिवसभर खोडतच असते, आणि खोडलेलं कुणाला दिसत नाही.

आधी कामाचं रडगाणं ऐक. पूर्वी तू ते ऐकून पोट धरून हसायचास.

तुला माहीत आहे, फोनची दोन घराणी आहेत. माझ्याकडे एका घराण्याचा फोन, तुझ्याकडे आणि बाबांकडे दुसऱ्याचा. दोघांची भाषा वेगळी, रीतभात वेगळी. सरळ मार्ग म्हणजे एकच ॲप दोनदा लिहायचं. पण आमच्यासारख्या तीन माणसांच्या दुकानाला ते कुठलं परवडायला? म्हणून आम्ही ते जादूचं अवजार घेतलं. एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा. घ्यायचा हट्ट माझाच होता. कोरा, आमची मालकीण, तेव्हा म्हणाली होती की दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो, आणि मी तिला जुन्या वळणाची म्हटलं होतं.

त्या अवजाराने मला चार वर्षं छळलं आहे. इकडे नीट दिसणारं बटण तिकडे कीबोर्डाखाली जाऊन लपतं. महिन्याला नवी आवृत्ती येते आणि काल चालणारं आज चालत नाही. चूक दाखवतं तीही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी. मोडलेलं असतं नकाशाचं पान, तक्रार करतं अक्षराच्या आकाराची. एकदा एका भागाने दगा दिला म्हणून तो लिहिणाऱ्याला शोधून काढलं, तर त्याने पाटी लावून ठेवली होती की मी आता हे बघत नाही, मी शेळ्या पाळतो. त्या पाटीखाली लोकांच्या दीडशे हाका होत्या. एकशे एक्कावन्नावी माझी.

आणि पिवळ्या ओळी. ॲप तयार करायला टाकलं की पडद्यावरून इशाऱ्यांच्या पिवळ्या ओळी धावायला लागतात. हे जुनं झालंय, ते बदलणार आहे, इथे सांभाळा, तिथे सांभाळा. एका वेळी चारशे बारा. त्यातल्या चारशे दहा निव्वळ कटकट असतात. आमच्या धंद्यात त्या कुणी वाचत नाही. एक ओळ लिहून त्या गप्प करता येतात आणि सगळे तेच करतात. हसू नकोस. किंवा आत्ताच हसून घे.

आता मार्चचं. तू तिथे होतास, तुला सांगायची गरज नाही. पण मला ते एकदा क्रमाने लिहू दे.

ज्यांच्यासाठी आम्ही ॲप केलं त्या स्नोमोबील क्लबची माणसं रोज सकाळी गोठलेल्या तळ्यावर भोकं पाडून बर्फाची जाडी मोजतात. बर्फ पातळ झाला की ती माझ्या ॲपमधलं लाल बटण दाबतात आणि साऱ्यांचे फोन भोंग्यासारखे वाजतात, बर्फावरची वाट बंद आहे म्हणून. त्या दिवशी दहा वाजता बटण दाबलं गेलं. बाबांचा फोन सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होता. तो वाजला नाही. बारा वाजता बाबांनी तो न बघता खिशात टाकला, स्नोमोबील काढली आणि मासेमारीच्या झोपडीकडे निघाले. तळ्याच्या चिंचोळ्या जागी बर्फ खचला. शेजारच्या यॉर्माने खिडकीतून पाहिलं म्हणून बाबा आज ब्लूबेरी काढताहेत. गाडी गेली, फोन गेला, आणि डाव्या हाताची दोन बोटं थंडीने गेली.

हॉस्पिटलच्या त्या लांब बोळात मी तुला काय म्हणाले ते माझ्या लक्षात आहे. दोन नर्स थांबून बघायला लागल्या होत्या, तेही लक्षात आहे.

"तुझ्या त्या टाकाऊ फोनने बाबांची बोटं खाल्ली," मी म्हणाले. "स्वतःला नवा घेतलास आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात कचरा बांधलास."

तू भांडला नाहीस. तू एवढंच म्हणालास, "फोन चांगला होता गं. मी तीन वर्षं वापरला."

मी म्हणाले की चांगला असता तर वाजला असता. तू टोपी घातलीस आणि निघून गेलास, आणि पाच महिने झाले.

त्याच संध्याकाळी मी ऑफिसात गेले होते. म्हणजे मी तपासलं नव्हतं असं नाही. तुझ्याच घराण्याचा एक फोन माझ्या टेबलावर असतो, कायम वायरीने कॉम्प्युटरला जोडलेला. लाल बटण दाबलं. तो खणखणीत वाजला. पाच वेळा दाबलं, पाच वेळा वाजला. मग मी तुला निरोप धाडला, 'आत्ता तपासलं. ॲप वाजतंय. पुढचं तूच समज.' तो तू वाचला होतास. तेवढी खूण मला दिसली.

गेल्या मंगळवारी यॉर्मा लाकडं फोडायला मदत करायला आला. काम झाल्यावर कॉफी आणि पुल्ल्याचा गोड पाव घेऊन पायरीवर बसलो. त्याने नवा फोन काढून वेळ पाहिली. तुझ्याच घराण्यातला, पण सगळ्यात महागातला. तीन कॅमेरे, आणि हा बाप्या फोटो काढतो फक्त कुत्र्याचे. मी सहज थट्टा केली की एवढा फोन बाबांकडे असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "याने काय झालं असतं? त्या दिवशी हाही वाजला नाही."

मी विचारलं, कुठला दिवस.

"तोच. खिडकीच्या कट्ट्यावर होता सकाळपासून. दुपारी उचलून उघडला तेव्हा एकदम वाजला, तोवर तुझा बाप पाण्यात." मग तो कॉफीत पुल्ला बुडवत म्हणाला, "मला वाटलं तुला ठाऊक असेल. मला कुणी विचारलं नाही."

माझ्या हातातला कप मी कधी खाली ठेवला ते मला आठवत नाही. बाबा सांगतात की मी ठेवला नाही, सांडला.

मी तशीच गाडी काढून ऑफिसात गेले. टेबलावरच्या फोनची वायर काढली. रेइनो, चार वर्षांत मी ती वायर काढून कधी तपासलं नव्हतं. फोन पालथा ठेवला, घड्याळ लावलं, तासभर हात लावला नाही. मग लाल बटण दाबलं.

काही नाही.

दहा मिनिटं थांबले. अर्धा तास थांबले. माझा स्वतःचा फोन, दुसऱ्या घराण्याचा, शेजारी बोंबलत होता आणि हा ढिम्म. उचलून उजेड पाडला तेव्हा भोंगा झाला. मी खुर्चीत बसून राहिले.

तुझ्या घराण्याचे फोन वापरात नसले की झोपतात आणि आलेले निरोप बाजूला ठेवतात. 'हा तातडीचा आहे, उठ' असं त्यांच्या पद्धतीने वेगळं सांगावं लागतं. आणि वायरीला जोडलेला फोन कधीच झोपत नाही. म्हणून माझ्या टेबलावर तो कायम वाजला. बाबांच्या टेबलावर वायर नव्हती. क्लबच्या याद्या काढून फोन फिरवले तर त्या दिवशी एकोणीस जणांना इशारा उशिरा पोहोचला होता. कुणी म्हणे मला वाटलं गावात रेंज नाही, कुणी म्हणे मी फोन दाबून गप्प केला असेन. प्रत्येकाने आपल्या फोनला दोष दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी एकट्या तुला नाही, एकोणीस फोनांना दिली.

इथवर लिहून मी उठले आणि भांडी घासून आले. उरलेलं लिहायचं आहे.

मला वाटलं होतं की त्या अवजाराने मला फसवलं. तेवढं जरी असतं तरी मी तुला लिहिलं असतं, पण हात इतका जड झाला नसता. सगळे इशारे मी पुन्हा सुरू केले आणि पिवळ्या ओळी एकेक करून वाचल्या. दोनशे सत्तरावी ही होती: निरोप तातडीचा म्हणून नोंदलेला नाही, झोपलेल्या फोनवर उशिरा पोहोचेल. साध्या भाषेत लिहिलेलं होतं. त्या अवजाराने मला चार वर्षं हजार खोट्या हाका मारल्या आणि ही एक खरी मारली.

आमच्याकडे कुठली ओळ कुणी, कधी लिहिली याची नोंद राहते. इशारे गप्प करणाऱ्या ओळीशेजारी माझं नाव आहे. तारीख गेल्या डिसेंबरची, शुक्रवार, चार वाजून चाळीस मिनिटं.

तो शुक्रवार कुठला, आठवतं तुला? हॉलमधल्या नाताळाआधीच्या नाचाचा. आधीची दोन वर्षं मी कामामुळे गेले नव्हते आणि बाबांनी धमकी दिली होती की यंदा आली नाहीस तर स्टेजवरून नाव घेऊन विचारीन. क्लबला ॲप त्या संध्याकाळी द्यायचं होतं. पिवळ्या ओळी थांबत नव्हत्या. मी एका ओळीत त्यांचं तोंड बंद केलं, दिवा मालवला आणि धावत सुटले. तू पुढच्या रांगेत माझ्यासाठी खुर्चीवर कोट टाकून ठेवला होतास. बाबा स्टेजवर ॲकॉर्डियन गळ्यात घालून बसले होते, मला पाहून त्यांनी भुवया उडवल्या आणि सुरू केलं. काय वाजवलं होतं त्या रात्री. मी वेळेवर पोहोचले म्हणून मला किती बरं वाटलं होतं.

त्यांची बोटं ऐकायला जाता यावं म्हणून मी ती ओळ लिहिली. हे मी चार दिवस मनात घोळवते आहे आणि अजून मला ते खरं वाटत नाही. हात धुताना मध्येच थांबते. सकाळी उठल्यावर दोन क्षण काही आठवत नाही, मग आठवतं.

कोराला बुधवारी सांगितलं. ती म्हणाली की तुझी चूक आहे आणि माझीही, वायर काढून बघ असं मी कधी म्हटलं नाही. क्लबला त्याच दिवशी लिहून कळवलं. तातडीचा भाग मी आता तुमच्या फोनसाठी वेगळा लिहिला आहे, बारा ओळी. सकाळचं जेवण होईपर्यंत काम संपलं, रेइनो. बारा ओळी.

बाबांना काल सांगितलं. ते मासे साफ करत होते. तीन बोटांनी कसं धरायचं ते त्यांना आता जमतं. मी सगळं सांगितलं, डिसेंबरच्या शुक्रवारासकट. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"रेइनोला कळवलंस?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

"तो दर रविवारी फोन करतो आणि ठेवताना माझी माफी मागतो," बाबा म्हणाले. "मी म्हणतो सोड, तो सोडत नाही. मग माझ्यापुढे काय रडत बसलीस? जा, लिही."

माझ्यावर ते रागावले आहेत की नाही मला कळलं नाही. नंतर जेवायला त्यांनी माझ्या पानात मोठा मासा वाढला.

हे मला ठाऊक नव्हतं. मी इथे पाच महिने तुझ्यावर फुरंगटून बसले होते, आणि तू तिकडे दर रविवारी माझ्या चुकीची माफी मागत होतास.

उद्या रविवार आहे. हे पत्र तोवर पोहोचणार नाही आणि उद्या तू पुन्हा मागशील. बाबांना मी सांगून ठेवलं आहे की उद्या मागू देऊ नका, पण त्यांचं तू ऐकत नाहीस.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तोंडाने म्हणायचं आहे, त्याच बोळात उभं राहून म्हणायचं असलं तरी चालेल, नर्सना बोलावून. डिसेंबरात हॉलमध्ये नाच आहे. बाबा यंदा पहिल्यांदाच खाली, आपल्यात बसणार आहेत. मी लवकर जाऊन तीन खुर्च्या धरणार आहे. तू आला नाहीस तरी तिसरीवर माझा कोट राहील आणि तिथे कुणी बसणार नाही.

फोन चांगला होता, रेइनो.

तुझी बहीण,
हेल्वी