‘हाव’ आल्याबिगर एंटर नाही

सर, आज एका नव्या डिस्कवर फाइल सिस्टीम तयार केली. काम एवढंच होतं. कोरी डिस्क मशीनला जोडायची, काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा द्यायची, की कुठली फाइल कुठं राहील याची मांडणी डिस्कवर होते. आधीचं काही असेल तर ते जातं. तुम्ही नांदेडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं, चहा गार व्हायच्या आत उरकणारं काम. त्यात माझा अख्खा दिवस गेला आणि संध्याकाळपासून डोकं ठणकतंय. भोकरला आईला फोन केला तर ती म्हणाली, “काम झालं न्हवं? मंग काहून रडून राहिली?” तिला काय सांगू? आमच्या घरात डिस्क काय असते हे माहीत असलेली मीच पहिली. आणि ज्यांना सांगितलं असतं ते तुम्ही, माझा पदवीचा निकाल लागायच्या आधीच गेलात.

तुमची लॅब आठवते. झाकण काढलेल्या मशीन, लोंबणाऱ्या केबली आणि तुमचा तो नियम. एकानं टाइप करायचं, शेजारच्यानं पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचायची, मागच्या बाकावरच्यानं डिस्कचं नाव आणि आकार ताडून होकाराचं ‘हाव’ म्हणायचं. ‘हाव’ आल्याबिगर एंटर न्हाई. मुलं हसायची, म्हणायची, सरांनी लॅबात पाढे सुरू केले. एकदा मी कुणाची वाट न बघता एंटर दाबलं. डिस्क बरोबर होती, आज्ञा बरोबर होती. तुम्ही मला उभं केलंत. मी म्हणते, “सर, बरोबर आलंय.” तुम्ही म्हणता, “आलं ना. पण बरोबर हाय हे तुला दाबायच्या आधी ठाऊक होतं का?” सगळ्या वर्गासमोर माझे कान तापलेत. त्याच आठवड्यात तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी डिस्क माझ्या हातात ठेवलीत. “घे. ह्यात काई न्हाई. पाहिजे तितक्यांदा पुसून काढ. चुका हिच्यावर कर.” सर, आमच्या घरात वस्तू जपायलाच असायच्या. बिघडवायला म्हणून मला कुणी काही दिलं, ते तेवढंच.

आता मी लातूरला एका खाजगी क्लासची कॉम्प्युटरं सांभाळते. शिकवण्यांचे व्हिडिओ एका डिस्कवर साठवतो. ते जपायचं माझ्या डोक्यातून आलं. इस्लापूरकडची, निलंग्याच्या पलीकडची जी मुलं लातूरला खोली घेऊन राहू शकत नाहीत, त्यांना ते मोबाइलवर पाठवतो. बहुतेक मुलीच आहेत. त्या सगळ्या व्हिडिओंची दुसरी प्रत कुठंच नव्हती. डिस्क बिघडली तर सगळं संपलं, म्हणून प्रत ठेवायला दुसरी डिस्क घ्या, असं मी मालकांच्या किती दिवस मागं लागले होते. शेवटी ती आली. आणि ती बसवायला मालकांनी मला न विचारता पुण्याच्या भाच्याला फोन लावला. भाचा तिकडं मोठ्या कंपनीत आहे.

मालक माझ्या खुर्चीवर बसले, मी मागं उभी. फोन स्पीकरवर. “मामा, नवीन डिस्क म्हणजे यादीतलं शेवटचं नाव. एसडीसी टाका. आणि मध्ये मोठा एफ टाका, म्हणजे मशीन उगाच ‘खात्री आहे का’ विचारत बसत नाही.” मालक एका बोटानं एकेक अक्षर शोधून राहिले. मी मालकांना म्हटलं, “सर, मशीन बंद करून चालू केलंय. अशा वेळी डिस्कांची नावं बदलू शकतात. आधी आकार बघू.” मालक मागं न बघताच म्हणाले, “मॅडम, जरा दम धरा की. इंजिनियर बोलून राहिलाय ना.” फोनमधून भाचा हसला. “मामा, तुमच्या मॅडमना सांगा, हे कॉलेजचं प्रॅक्टिकल नाही.” मालकही हसले. ओळ पूर्ण झाली. बोट एंटरवर आलं.

मग मी पुढं वाकले, कीबोर्ड ओढून घेतला, ती ओळ पुसली आणि डिस्कांची यादी मागवली. मोठ्यानं वाचली. “एसडीबी, चार टीबी. एसडीसी, दोन टीबी. आपण नवीन आणली ती चारची. एसडीसीवर आपले व्हिडिओ आहेत.” फोनमधून भाचा म्हणाला, “हां, मग नाव बदललं असेल. होतं असं कधी कधी. एसडीबी टाका.” आणि मालक काय म्हणाले सांगू? “बघा मॅडम, पुण्यात बसून धरलं पोरानं! नायतर आज वाटोळंच होतं.” नव्या डिस्कवर आज्ञा मीच दिली, व्हिडिओंची प्रत मीच घेतली. दुपारी मालकांनी स्टाफला पेढे वाटले, भाच्याच्या नावानं. मलाही दिला. “घ्या मॅडम, तुम्ही बी लई पळापळ केली.” मी तो खाल्ला, सर. गोड लागला याचाही राग आला.

तुम्ही आम्हाला वाचायला शिकवलंत, ताडायला शिकवलंत. तुमच्या लॅबात वाचलेलं कुणीतरी ऐकायचं. बाहेर तसं नसतं, हे का नाही सांगितलंत? की तुमचंही कुणी ऐकत नव्हतं, म्हणून तो नियम केला होता? शिकले की माझ्या शब्दाला वजन येईल असं मला खरंच वाटायचं. अजूनही वाटतं, तेच तर जड जातं.

आणखी एक आहे, ते आईलाही सांगितलं नाही. बोट एंटरवर आलं तेव्हा मी लगेच वाकले नाही. त्या डिस्कवर काय आहे आणि ते कुणासाठी आहे, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी एक क्षण मी हात मागं बांधून उभी राहिले, आणि मनात म्हटलं, दाबा.