मेईवर केलेली कारवाई

सिलिगुडी,
जीप स्टँडमागचं गॅरेज

प्रिय फिशा,

कागदावर लिहितोय, कारण दुसरा रस्ता तू ठेवलाच नाहीस. फोन लावला तर वाजत नाही, निरोप टाकला तर पोचत नाही, आणि तुझ्या कपड्यांच्या दुकानाच्या पानावर तर माझ्या खऱ्या-खोट्या सगळ्या नावांना बंदी. सख्ख्या थोरल्या भावाला ब्लॉक करणारी बहीण अख्ख्या मावलाईत काय, खासी डोंगरांत तू पहिलीच असशील. पण पोस्टाच्या पाकिटाला ब्लॉक करायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही, तेव्हा हे तुला वाचावंच लागेल. वाचून झाल्यावर खुशाल चुलीत टाक. मात्र शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी धंद्याचं एक काम आहे, आणि धंद्याचं म्हटलं की तू कान टवकारतेस हे मला ठाऊक आहे.

मी चिडलोय. त्या कानपूरच्या बाईवर चिडलोय, पण तिच्यावर कमी आणि तुझ्यावर जास्त. तिच्या तक्रारीखाली तू आपल्या आईबद्दल, मेईबद्दल, जे उत्तर लिहिलं आहेस ते काढून टाक. माझं मागणं एवढंच आहे. बाकी जे लिहीन ते या एकाच गोष्टीसाठी, मधे कुठे भरकटलो तर समजून घे. शाळेत मास्तर म्हणायचे, किरमेन निबंध लिहायला बसला की गाय गोठ्यातून निघते आणि बांगलादेशात पोचते.

तुझं दुकान सुरू झालं तेव्हा मी घरीच होतो. दिल्लीच्या हॉटेलातली नोकरी सोडून आलो होतो. (सोडली म्हणजे काय, घरमालकाने खोली काढून घेतली. मी तुंगरिंबाई शिजवली तर जिन्यात मेलेला उंदीर शोधत फिरला. कुजवलेल्या सोयाबीनचा वास त्याला सोसेना, आणि त्याच्या बायकोचा हिंग मात्र मी वर्षभर हुंगला, ते चालत होतं.) बडा बाजारात जुन्या कपड्यांचा गठ्ठा फोडला की तू कोपरं मारून पुढे घुसायचीस. कोरियातले कोट, जपानातली जाकिटं, कुणाच्या तरी खिशातलं बसचं जुनं तिकीट. घरी आणून उकळत्या पाण्यात धुणं, बटणं शिवणं, शेजारच्या काँग मिलिदाच्या निळ्या भिंतीपुढे फोटो काढणं. कुठे भोक असेल, डाग असेल, तर त्यावर बोट ठेवून वेगळा फोटो. मी म्हणायचो, अगं, दोष कशाला दाखवतेस? तू म्हणायचीस, "बाह किर, गिऱ्हाइकाला घरी जाऊन दिसण्याआधी आपण दाखवायचा." मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे अभिमान वाटण्यासारखं काही येणार नाही.

पहिली पार्सलं स्वयंपाकघरात बांधली, तेव्हा मेई चुलीपाशी बसून क्वायची ओली सुपारी कातरत होती. तिने विचारलं, "हा लाल कोट कुणाचा?" तू म्हणालीस, राजकोटच्या एका मुलीचा. "ती दारात आली असती, तर तिला तोंड न हलवता परत पाठवलं असतंस?" तू हसलीस. "मेई, ती दारात नाही आलेली, ॲपवर आली आहे." मेई म्हणाली, "कुठूनही येऊ दे. आली ना?" आणि पानाला चुना लावला, ओल्या सुपारीची फोड त्यावर ठेवली, ला-मेतच्या रुंद पानात पुडी बांधली आणि कोटाच्या घडीत सारली. आपल्या घरातून क्वाय न खाता आजवर कुणी गेलं आहे का? वीजबिलवाला नाही, मतं मागायला येणारे नाहीत, आपला बाप, पा, वारला तेव्हा खांदा द्यायला आलेले नाहीत. मग राजकोटच्या पोरीनेच काय पाप केलं होतं?

आणि लोकांना ते आवडलं. कोचीच्या एकाने लिहिलं होतं, जाकीट सैल आहे पण पान झकास, पुढच्या वेळी चुना जास्त घाला. इंदूरच्या मुलीने ती फोड कुंडीत पुरली आणि उगवायला किती दिवस लागतात म्हणून विचारलं. पाच-पाच तारे! तेव्हा तू मेईच्या पान-सुपारीच्या टोपलीचा फोटो काढून दुकानाच्या पानावर सगळ्यात वर लावलास. खाली लाल बदाम, शेजारी हात जोडलेले. तेव्हा मेई चालत होती तुला.

मग आलं कानपूर. एक तारा. ते वाक्य मला झोपेतसुद्धा पाठ आहे: "कपड्यात मंतरलेली सुपारी घालून पाठवली. घरातल्या मोठ्या माणसाला घाम फुटला, चक्कर आली, कान लाल झाले. यांच्याकडे जादूटोणा चालतो. काही घेऊ नका." सोबत फोटो. चिमट्यात धरलेलं पान, मागे गॅसची शेगडी.

फिशा, तू तो फोटो नीट पाहिलास का? मी पाहिला. गॅरेजात पंक्चर काढता काढता थांबून पाहिला. चिमट्यात पान अर्धंच आहे. सुपारी नाहीच. गेली कुठे? घाम, चक्कर, कान लाल. अगं, आपल्याकडे पोराने पहिल्यांदा चोरून क्वाय खाल्ली की हेच होतं! मी खाल्ली होती तेव्हा गटाराच्या कठड्यावर बसून पाच मिनिटं स्वतःचं नाव विसरलो होतो. त्या घरात कुणीतरी म्हातारी आहे, फिशा. तिला पानाचा शौक आहे. सुनेचं पार्सल तिने उघडलं, आयतं पान दिसलं आणि टाकलं तोंडात! बाजारातली वाळकी सुपारी चघळणारं तोंड ते, आपली ओली क्वाय त्याला कशी पेलणार? झाली गरम. मंतरलेली वाटली असती, तर खाल्ली असती का? आधी फस्त करायची, मग जादूटोणा म्हणायचं! हे लिहितानाही माझ्या हातात नटाचा पाना आहे, आणि प्रधान, म्हणजे गॅरेजचा मालक, लांबूनच विचारतोय, "काय रे, कुणाचा खून करतोयस?" बरा माणूस आहे. पण त्याचं कुत्रं रोज माझी एक चप्पल पळवतं, आणि ती शोधायला मी... जाऊ दे.

त्या एका तक्रारीखाली काय काय जमलं तेही तू पाहिलंस. कुणी विचारलं, हे लोक कुठल्या देशातले? कुणी म्हणालं, प्रेतांचे कपडे असतील. कुणी कुत्र्याचं मांस काढलं. कोटाचा आणि कुत्र्याचा काय संबंध? मला हे नवीन नाही, दिल्लीत भाजी घ्यायला गेलं तरी ऐकावं लागतं. पण ते मला म्हणतात तेव्हा मी उलटं बोलून पुढे जातो. इथे मेईच्या हातच्या पानाखाली बसून म्हणत होते. म्हणून मी लिहिलं. होय, वेगवेगळ्या नावांनी लिहिलं. होय, "तुमच्या सासूला आधी विचारा फोड कुठे गेली" हेही मीच. त्याने आणखी तारे गेले म्हणत तू मला ब्लॉक केलंस; तारे जाऊ देत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.

पण मी निदान भांडलो. तू काय केलंस? तू लिहिलंस: "झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. घरातील एका अशिक्षित व्यक्तीकडून अनवधानाने ही वस्तू पार्सलमध्ये गेली. संबंधितांवर कारवाई केली आहे. पुन्हा असे होणार नाही."

संबंधित कोण गं? मेई? तिच्यावर कारवाई केलीस? काय केलंस, चुलीपासून बदली केलीस? एका महिन्याची क्वाय कापून घेतलीस? आणि "अनवधानाने"! त्या बाईने आयुष्यात एकही पान अनवधानाने लावलेलं नाही. उजवा गुडघा दुखत असताना उठून, तुझ्या एकेका पार्सलाशी जाऊन, आत कोण आहे ते विचारून तिने पुडी ठेवली. ॲपवाले सांगतात म्हणे, तक्रारीला लगेच उत्तर द्या, नम्र राहा, वाद घालू नका. राहा ना नम्र! पैसे परत कर, कोट परत घे, माफी माग. पण स्वतःच्या माफीत आईला उभी करून तिच्याकडे बोट दाखवायचं, हे कोणत्या ॲपने शिकवलं?

तुला वाटलं असेल, मेईला कुठे वाचता येतं. काँग मिलिदाच्या थोरलीला येतं. तिने मेईला सगळं वाचून दाखवलं, खासी करून. मेईने विचारलं, "कारवाई म्हणजे काय गं?" ती कार्टी म्हणाली, "पोलीस करतात ती."

हे मला काँग मिलिदाने सांगितलं. तू सांगणार नव्हतीसच. पुढचंही तिनेच सांगितलं. पार्सलं न्यायला बाह लाम येतो ना, तो परवा नेहमीसारखा उंबऱ्यात टेकला, गालात जागा करून. मेईने चहा दिला. तो थांबला. मग म्हणाला, "काय मेई, आज रुसवा?" मेई म्हणाली, "तुला घाई असते, जा." आणि तो गेला, फिशा. आपल्या दारातून रिकाम्या तोंडाने. पा होता तेव्हापासून चुलीशेजारी असलेली ती टोपली तिने घासून, पुसून, उलटी करून कपाटावर ठेवली आहे. तू त्याच घरात राहतेस. तुला दिसली नाही? का दिसली, आणि बरं वाटलं?

मग मी मिलिदाच्या फोनवर मेईशी बोललो. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, मग मीही देईन आणि दोघांनाही हलकं वाटेल. मी तिला सांगितलं, अगं, त्या म्हातारीने क्वाय खाल्ली होती, म्हणून तिला घाम फुटला. मेई म्हणाली, "पाणी दिलं का कुणी तिला?" मी म्हटलं, मेई, तिने तुला चेटकीण ठरवलं! तर म्हणते, "वाळल्या पानावर चुना चढतो रे. मी कमी लावायला हवा होता. एकटीच असेल घरात, घाबरली असेल बिचारी." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "फिशाला ओरडू नकोस. तिला धंदा कळतो. मला कुठे कळतंय दूरच्या माणसांचं."

हे शेवटचं वाक्य तू पुन्हा वाच. पा गेला तेव्हा सगळे म्हणाले, तो आता देवाच्या दारात बसून क्वाय खातो आहे. म्हणजे देवालासुद्धा कळतं, दुरून आलेल्याला आधी काय द्यायचं ते. आणि मेई म्हणते, तिला कळत नाही. हे तिच्या तोंडी तू घातलंस.

तेव्हा ते उत्तर काढ. त्या जागी हे लिही, मी काही बनवलेलं नाही, मेईचंच बोलणं नीट लावलं आहे: "काकू, पहिल्या वेळी सगळ्यांनाच घाम फुटतो. पाणी प्या, थोडं पडून राहा, उतरेल. पान मीच ठेवलं होतं, आमच्याकडे आलेल्याला देतात. पुढच्या वेळी चुना कमी लावीन. फिशाची मेई." खाली कुणाला हसायचं तर हसू दे. बघ, कोचीवाला आणि इंदूरवाली धावून येतात की नाही. आणि नाही आले तरी लिही.

आता धंद्याचं काम. काल तुझ्याकडे सिलिगुडीहून जे. प्रधान या नावाने मागणी आली आहे, मोठ्या बटणांचा तपकिरी कोट. ते मीच आहे. मला तो होणार नाही, बायकी आहे, दुकानात त्याहून स्वस्त काही नव्हतं. मापाबद्दल तक्रार करणार नाही, डागाबद्दलही नाही. आपल्यात घर धाकट्या मुलीला जातं, तेव्हा घर तुझं आहे, मेईला सांभाळणारी तू आहेस. मी तर तिथे येऊन जाऊन असणारा पाहुणा, आणि कुठूनही भटकून आलो तरी मेईने दारातच पान पुढे केलं की कळतं, पोचलो. या थंडीत यायचं मनात आहे. पण टोपली कपाटावर असेल, तर कुठे यायचं ते मला समजेना, म्हणून हे पत्र. ती खाली काढ, मेईच्या मांडीवर दे आणि तिला सांग, हे पार्सल सिलिगुडीच्या कुणा प्रधानचं आहे. माझं नाव सांगू नकोस. परक्याच्या कोटात तिने आपणहून पुडी ठेवली, तर पाच तारे देईन आणि तुला कधी एक शब्द बोलणार नाही. घडी उलगडली आणि आत नुसता कोट निघाला, तर एकच तारा मिळेल, आणि त्या तक्रारीखाली तू काय उत्तर लिहितेस ते मी बघेन.

तुझाच,
बाह किर