गोरेपणाची क्रीम

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मी तुझ्यावर एवढी चिडलेय की कणीक तशीच टाकून लिहायला बसलेय. तुझी नात, तू न पाहिलेली, आता सहावीत आहे. फुटबॉल खेळते. काल तुझी बहीण घरी बसायला आली. पोरीचं रापलेलं नाक पाहून मावशीनं पर्समधून एक ट्यूब काढली, आणि मी चहा गाळून आणेपर्यंत तिच्या गालांना चोळूनही टाकली. तीच क्रीम, आई. तोच गुलाबी रंग, तोच गोडसर वास. मी किंचाळले, पोरीला ओढत बेसिनपाशी नेलं. मावशी म्हणाली, "काहून बोंबलून राहिली वं? तुलेही लावलीच होती ना तुझ्या आईनं!"

लावली होतीस. शाळेच्या खो-खो संघात माझी निवड झाली, त्याच आठवड्यात आणलीस. मी ओट्याशी उभी आहे, तू पदराला हात पुसून माझी हनुवटी धरतेस. "मैदानात कोळसा होऊन राहिली तू. कोण पसंत करन तुले?" सुरुवातीला मी उजळलेही. शेजारणी विचारायला लागल्या, तू खूश. मग गाल लाल झाले, पुरळ उठलं, उन्हात पाऊल टाकलं की मिरची चोळल्यासारखी आग. "आई, चेहरा जळून राहिला." "म्हणजे क्रीम काम करून राहिली," तू म्हणायचीस. आणि शेवटी बंद काय केलंस? क्रीम नाही, माझा खो-खो.

कॉलेजात असताना त्वचेच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, यात स्टिरॉइड आहे, हे औषध आहे, रोज फासायचं नसतं, कातडी पातळ झालीय. घरी येऊन मी तुला सांगितलं तेव्हा तू मेथी निवडत होतीस. मानही वर केली नाहीस. "मले काय माहीत? दुकानात भेटते म्हणजे चांगलीच असन." बस्स. चुकलं, असं एकदाही म्हणाली नाहीस. आज चाळिशी उलटली, तरी दुपारी तोंडाला दुपट्टा न गुंडाळता स्कूटर काढली की गाल पेटतात.

आज सकाळी मेडिकलमध्ये जाऊन मुलांसाठी सनस्क्रीन मागितलं. दुकानदारानं पुढे केलं ते रंग उजळवणारं. "हेच जास्त चालते ताई. पोरगी गोरीही होऊन जाईन." "मी गोरं करायचं मागितलं का भाऊ?" माझा आवाज इतका चढला की शेजारचं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं. चढू दे. मग मी तिथंच उभी राहून एकेक खोकं उलटून वाचलं. उजळवणारं नको, सुगंधी नको, फवारायचं नको, पोरं ते श्वासातून आत घेतात. शेवटी झिंक ऑक्साइडचं एक साधं, बिनवासाचं मिळालं. सोबत टोपी घेतली, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घेतला.

संध्याकाळी सरावाआधी तिला आरशासमोर बसवून लावलं. नाकावर, मानेवर, कानांमागे. "हे रंगासाठी नाही हं, भाजू नये म्हणून," मी म्हटलं. "माहीत आहे वं आई, लवकर लाव, उशीर होऊन राहिला." या क्रीमचा पांढरा थर राहतो, पटकन जिरत नाही. तिच्या सावळ्या चेहऱ्यावर तो पसरला, रंग उजळल्यासारखा दिसला, तिनं आरशात मान वर केली, आणि एक क्षण माझ्या मनात आलं, किती छान दिसते! लगेच मी तो थर दिसेनासा होईपर्यंत चोळत राहिले. "आई, दुखते ना," ती म्हणाली, आणि टोपी घालून पळाली.

तिला काही कळलं नाही. हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही. पण असता, तरी तो एक क्षण मी तुला कळू दिला नसता.