सातवीचं तोंड

सिकंदराबाद,
चैत्र वद्य चतुर्थी, शके १८६०

तीर्थस्वरूप आश्रुबादादास चंद्रभानाचा साष्टांग दंडवत.

अन् मी कधी न्हाई म्हणलो? सातवीचं तोंड मनकर्णाचंच हाय. दिवाळीपासून दर पत्रात तुमची एकच रड, की घरची सून भर बाजारात उभी केली. दादा, भिंतीवर उभी केली, मुळे विकायला न्हाई बसवली. पाटलांनीच सांगितलं होतं ना, की बारवेच्या नव्या भिंतीवर साती आसरा काढ, पाण्याच्या देवी हायत, गावच्या लेकराबाळांवर त्यांची नजर राहील? सहा जणी मी वाण्याच्या दुकानातल्या लक्ष्मीच्या तसबिरीवरून काढल्या. सहाही एका साच्यातल्या, म्हशीसारख्या डोळ्यांच्या. सातवीपाशी आलो अन् मलाच कंटाळा आला. दुसऱ्या कोणत्या बाईचं तोंड मी नीट बघितलंय? जिचं बघितलं तिचं काढलं.

तुमी तिचे थोरले दीर. तुमच्यापुढं तिनं कधी पदर वर केला न्हाई, तुमी कधी मान वर केली न्हाई. ताटात भाकर टाकणारा हात तेवढा तुमाला ठाऊक. मला वाटलं, असलं तोंड चुलीच्या धुरातच संपायचं का?

इथं आमी सिनेमाचे बोर्ड रंगवितो. परवा मालकानं मला तसबिरींच्या नुमाइशीत नेलं, चौकटी टांगायला. भर बाजारातला हॉल, दाराशी तिकीट. भिंतीभर बायाच बाया. कोणी दळायलीय, कोणी नुसतीच बसलीय. लोक हात मागं बांधून बघतेत अन् पुढं सरकतेत. एका तसबिरीपाशी मी दरवानाला इचारलं, ही कोणाची बायको. तो म्हणला, कोणाची का असंना, तुला काय हळद लावून घ्यायचीय? तिथं कोणी नारळ फोडत न्हाई, कोणी बोट दाखवत न्हाई. लय हलकं वाटलं दादा. आपल्या ताडकळसाला हे कवा कळायचं?

कमलवहिनीला नमस्कार. तिच्या तोंडून मनकर्णाला सांगा, तिच्यासारखी त्या हॉलात एकबी नव्हती. रागवा, पण पत्र बंद करू नका.

तुमचा
चंद्रभान


ताडकळस,
वैशाख शुद्ध दशमी

चिरंजीव चंद्रभानास आश्रुबाचे आशीर्वाद. पत्र शाळेचे विष्णुपंत मास्तर लिहीत आहेत.

तुझे पत्र मास्तरांनी वाचून दाखवले. म्हशीच्या डोळ्यांपाशी ते हसले. मला हसू आले नाही. शेताची सरळ वाट त्या भिंतीवरून जाते म्हणून मी दिवाळीपासून ओढ्यातून फेरा घालतो. बैलांना आता तीच वाट पाठ झाली. धाकट्या भावाच्या बायकोचे तोंड मी बाजारात उभा राहून बघू काय? मी ती भिंत पाहिलेली नाही, पाहणारही नाही.

पण गाव पाहते. शेजारच्या धुरपताबाईचा नातू तापाने फणफणला होता. तिने सातवीला नवस केला आणि ताप उतरला. मग ती खणानारळ घेऊन आपल्याच अंगणात आली, मनकर्णाची ओटी भरली आणि पायावर डोके ठेवले. धुरपताबाई तिच्या आईच्या वयाची. पोरीने पाय मागे घेतले तर म्हणाली, देवी लाजली. आता दर बाजारच्या दिवशी बायका येतात. तुझी वहिनी त्यांना दारातून परत लावते, तर त्या बाहेरूनच उंबऱ्याला कुंकू लावून जातात. मनकर्णा जेवणाला बसली की घास तसाच राहतो. वहिनीला तिने विचारले, की ह्यांना माझी सय राहीना म्हणून भिंतीवर लिहून ठेवली काय?

आता नीट ऐक. सातवीला शेंदूर लागला आहे. दुसरा कोणी हात लावणार नाही. तिचे एवढेच मागणे आहे, की ज्याने काढले त्याने येऊन पुसावे. पेरणीच्या आत ये. हे माझेही मागणे समज.

वडिलांच्या मागे मीच तुला वडील, एवढे ध्यानात ठेव.

आश्रुबा


सिकंदराबाद,
ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा

तीर्थस्वरूप दादास दंडवत.

पत्र मिळालं. मास्तरांना म्हणावं, अक्षर मोत्यासारखं, पण मजकूर विंचवासारखा.

पुसायला या म्हणता. दादा, जन्मात एकच काम मला बरं जमलंय. शाळेत तिसरीतून पळालो, नांगर धरला तर तास वाकडं. त्या भिंतीपुढं मात्र परगावचा माणूस गाडी थांबवून उभा राहतो, हे तुमीच लिहिलं होतं. ते कसं पुसू? बाया पाया पडायल्यात, शिव्या तर देत न्हाईत? चार दिवस पडतील अन् इसरतील.

इथलं सांगावं तर हाल हायत. एका खोलीत सहा जण, टर्पेंटाइनच्या वासानं भाकर गोड लागंना. मालकानं मला नटीचं तोंड काढायला दिलं. काढलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणला, ही तर कापूस वेचायला निघाली. दुसरं काढलं, तेबी तसंच. तिसरंबी मनकर्णाच झाली. आता मला तोंडं देत न्हाई, खाली नुसती अक्षरं लिहायला बसवलंय. ती इचारती, सय राहीना का. तिला काय सांगू?

मालक इतक्यात रजा देणार न्हाई. आषाढात नक्की येतो अन् मनकर्णालाच इकडं आणतो. मग भिंतीवरची भिंतीवर राहील, माझी माझ्याजवळ. तंवर तिला धीर द्या.

मला पदरात ठेवा.

चंद्रभान


ताडकळस,
आषाढ वद्य द्वितीया

चि. चंद्रभानास आश्रुबाचा आशीर्वाद.

आषाढ निम्मा सरला, तू आला नाहीस. धुरपताबाईचा नातू गेला. पुन्हा ताप चढला, दुसऱ्या दिवशी लेकरू निपचित. मूठमाती देऊन माणसे परतली ती आपल्या दारावरून. धुरपताबाईने दारात बसून छाती बडवून घेतली. म्हणाली, दिलास तसा नेलास, तुझ्या घरात पाळणा नाही म्हणून माझा रिकामा केलास. त्या दिवसापासून मनकर्णाला बारवेवर कोणी घागर बुडवू दिली नाही. ओटी भरणाऱ्या त्याच बायका लेकरांची तोंडे झाकून पळू लागल्या.

बाजारच्या दिवशी ती शेणाची पाटी घेऊन निघाली. वहिनीला वाटले गोवऱ्यांना चालली. भर बाजारात भिंतीपाशी गेली आणि घरची भुई सारवावी तसे सातवीचे तोंड सारवून टाकले. घाई केली नाही म्हणतात. कोपरेसुद्धा राहू दिले नाहीत. लोक धावले, पाटील मधे पडले म्हणून जिवंत घरी आली.

मी ओसरीवर होतो. ती माझ्यापुढे उभी राहिली आणि पदर मागे टाकला. मी मान खाली घातली, तर म्हणाली, भाऊजी, वर बघा अन् सांगा, भिंतीवरची मीच होते का? चंद्रभान, मी काय सांगू? मी भिंत पाहिलीच नव्हती. आता पाहायला गेलो तर नुसते शेण.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ पेडगावाहून गाडी घेऊन आला आणि घेऊन गेला.

पंचांचे म्हणणे, सातवीला तोंड आले पाहिजे, नाहीतर आपल्याही घराला बारव बंद. पूर्णेचा पेंटर पाच रुपये मागतो. तोंड कोणाचे काढू म्हणून त्याने विचारले, तर बायका म्हणाल्या, होते तेच. ज्याला त्याला सांगताहेत, कोप झाला म्हणजे खरीच होती. पैसे माझ्यापाशी नाहीत. काय करू ते कळव.

आश्रुबा

वरील मजकूर आश्रुबाचा. पुढचा मनकर्णाचा, जाताना गाडी शाळेपाशी थांबवून ती सांगून गेली. सांगितले तसेच लिहितो: पेडगावात ती भिंत कोणी बघितली न्हाई. तिथं मी नुसती मनकर्णा हाय. त्यांनी रंगाचा हात घेऊन तिकडं येऊ नये. — विष्णुपंत


सिकंदराबाद,
श्रावण शुद्ध तृतीया

तीर्थस्वरूप दादास,

कोणत्या तोंडानं दंडवत लिहू?

पत्र वाचलं अन् मालकाला न इचारता गाडीत बसलो. तिकीट पेडगावचं काढलं होतं. पूर्णेला गाडी लय वेळ थांबती, तवा नळावर हात धुवायला उतरलो. नखातला रंग निघंना. राकेल लावून बघितलं, वाळू घासली, रक्त आलं पण पिवळा तसाच. तिचा निरोप आठवला. मागं गाडीनं शिट्टी दिली अन् निघून गेली, मी नळापाशीच. मग उलट्या गाडीनं परत आलो. पूर्णेच्या टेशनाबाहेर ताडकळसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या, तिकडंबी पाय वळला न्हाई. तुमी अजून ओढ्यातूनच जाता का, एवढंसुदिक कोणाला इचारलं न्हाई.

त्या नुमाइशीत मला वाटलं होतं, बघणारे बघतेत अन् पुढं जातेत. तिथल्या बायांना घरी जाऊन पाणी भरायचं नव्हतं. हे मला दारातच कळायला पायजे होतं.

मालकानं ठेवून घेतलं, पण आता ब्रश धरू देत न्हाई, डबे धुवायला लावलंय. बरं झालं.

भिंतीला चुना मारा म्हणणार होतो. पण पंच ऐकणार न्हाईत, अन् तुमाला त्याच गावात पाणी प्यायचंय. तवा पेंटरला काढू द्या. सहा जणी हायत तशा राहू द्या. सातवीचं तोंड मात्र काढायचं न्हाई. बायांना सांगा, देवी लाजली, त्यांचाच शब्द हाय. पेंटरला म्हणावं, तिचा पदर खाली ओढ, पार गळ्याच्या खाली. आत कोण हाय ते दिसायला नको, हनुवटीसुदिक नको. मग तुमी सरळ वाटेनं शेताला जा.

पेडगावला माझ्याकडून काही धाडू नका, निरोपबी नको. वहिनीला नमस्कार. माया आटली असली तरी पत्र येऊ द्या.

तुमचाच
चंद्रभान

ता. क. ताडकळसचा एक कारखान्यातला गडी गावाकडं निघालाय, त्याच्या हाती पैसे धाडायलोय. पाच पेंटरचे, अन् एक वरचा हिरव्या रंगाला, पदर आखूड पडू नये म्हणून. निजामाच्या हाली शिक्क्याचे सहा रुपये.