गावठाणात मसाला कुटणं बंद

१२ जानेवारी, सोमवार

शुद्ध मूर्खपणा! दुसरा शब्द नाही.

शेजारचा नोएल दुपारी मोबाईल नाचवत आला. एका वकिलाकडे टायपिंग करतो, त्यामुळे असलं सगळं त्याला आधी कळतं. "यव्होन, तुझी वाट लागली बघ!" सरकारच्या कुठल्याशा खात्याने नवीन नियमांचा मसुदा काढलाय. विकायचा मसाला यापुढे उघड्यावर वाळवायचा नाही, भाजायचा नाही, कुटायचा नाही. चार भिंतींच्या आत, फरशीवरच करायचा. आणि वापरलेल्या बाटल्यांत भरायचा नाही!

म्हणजे आमचा बाटली मसाला बाटलीतच नको? उजेड लागू नये म्हणून बिअरच्या तपकिरी बाटल्या लागतात त्याला. माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलंय. मिरच्या अंगणात वाळतात, खापरावर भाजतात, आणि एप्रिलमध्ये घाटकोपरहून शेवंती येते, आपलं उखळ-मुसळ टेम्पोत टाकून. बंद खोलीत मिरची कुटून दाखवा म्हणावं एकदा! गिरणीतून काढला तर गरम होतो, वास जातो. शेवंतीचा हात नसेल तर तो मसाला नाही, नुसतं तिखट. दोन पोरांची शिक्षणं झाली त्या हातावर. माझे खांदे तर केव्हाच गेले.

१३ जानेवारी

झोप नाही. नोएल म्हणतो, अगं हा नियम नाही, नुसता मसुदा आहे, महिनाअखेरपर्यंत हरकती नि सूचना मागवल्यात. मागवल्यात — कुठे? वेबसाइटच्या कोपऱ्यात! ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांना कुणी येऊन विचारलं?

१५ जानेवारी

गल्लीच्या तोंडाशी, क्रुसाच्या बाजूला बोर्ड लावला. फ्लेक्सवाल्याला बजावलं — लाल, ठळक, रिक्षातून दिसलं पाहिजे. "गावठाणात मसाला कुटणं बंद!" आणि खाली, "या अन्यायाविरुद्ध हरकत नोंदवा. यव्होनला भेटा."

ॲम्ब्रोज हाफपँटीवर उभा राहून बघत होता. नवऱ्याची मदत तेवढीच. "खालची ओळ वाचताच येत नाही गं." म्हटलं, तुला चष्मा लागलाय, लोकांना नाही.

२४ जानेवारी

सगळं गावठाण आलं! नोएलने एक झकास हरकत टाइप केली, तिच्याच कॉप्या काढल्या, प्रत्येकाने खाली नाव घालून सही केली. दोनशेच्या वर कागद. आता बघतेच कसा करतात नियम.

२१ फेब्रुवारी

राखेचा बुधवार झाला की त्या आठवड्यात शेवंती तारखा ठरवायला येते. आली नाही. फोन बंद. गावी गेली असेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वांद्र्याला सुनावणी. अजून डोकं तापलेलंच आहे.

साहेबांसाठी तीन बाटल्या नेल्या होत्या. रिकाम्या हाताने कुणाकडे जायची पद्धत आहे का आपल्यात? आणि नुसता वास घेतला तरी त्यांना कळेल, असं मला वाटलं. साहेबांनी बाटली फिरवून फिरवून बघितली. "मॅडम, याच्यावर बिअरचं लेबल आहे." अर्धं धुतलं गेलं होतं, अर्धं राहिलं होतं! सगळा हॉल हसला. ॲम्ब्रोजसुद्धा!

मग बाजूचा कारकून म्हणतो, "तुमच्याकडून एक हरकत आलीय."

एक?

"मजकूर एकच आहे ना? मग हरकत एकच धरतात."

दोनशे माणसं, एक हरकत! म्हटलं, दोनशे जणांचे दात दुखत असले तर एकाचाच काढून बाकीच्यांना घरी पाठवाल का? त्याने पुढची फाइल उघडली. पाकिटातला मसाला विकणाऱ्या कंपनीचा टायवाला आला होता, त्याला पडदा, स्लाइडी, चहा. मला काय, "थोडक्यात सांगा." थोडक्यात! सांगितलं. साहेब, बंद खोलीत मिरची कुटतो आम्ही, तुम्ही समोर बसा, खुर्च्या मी मांडते. साहेब हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतलं मात्र.

१४ मार्च

खात्यात फोन केला. "विचाराधीन आहे." कोण करतंय विचार, त्याचं नाव सांगा म्हटलं, तर फोन ठेवला!

समोरच्या टॉवरमधली अक्षता बाजारात भेटली, दरवर्षी चार बाटल्या नेते. "काकी, यंदापासून मसाला नाही ना? वाईट वाटलं." अगं, नियम झालाय कुठे अजून! लोक पण ना — अर्धवट वाचतात आणि सुटतात.

८ एप्रिल, बुधवार

जिंकलो!!

नियम छापून आले. नोएलने अंगणात उभं राहून मोठ्याने वाचले. घरच्या घरी, जुन्या पद्धतीने, थोडा मसाला करणाऱ्यांना उघड्यावर कुटायची मोकळीक. बाटल्या उकळून घ्यायच्या, लेबल काढायचं, बस्स. लेबलाचं मुद्दाम घातलंय त्या साहेबांनी, मला माहितीय! घाला. शंभर वेळा घाला. मी रडत होते, ॲम्ब्रोजने ईस्टरची उरलेली वाईन काढली. एकच हरकत धरली मेल्यांनी, पण ऐकली.

मिरच्या उद्याच आणते. ऊनही कडक पडलंय. आणि शेवंतीला गाठायलाच हवं — रविवारी मीच जाते घाटकोपरला.

१२ एप्रिल, रविवार

शेवंती भेटली. मुलुंडच्या एका मॉलमध्ये लादी पुसते आता.

"आलेली ना मी फेब्रुवारीत, बाई. कोपऱ्यावर तुमचा बोर्ड वाचला. तुमचं नाव पण होतं खाली, बारीक, तेवढंच लागलं. म्हटलं, बाईंनी बंदच केलंय तर बेल कशाला वाजवू? तशीच मागं फिरली. उखळ लाकूडवाल्याला देऊन टाकलं. पगाराची सवय झाली आता, नाही जमायचं."

परत येताना रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली. बोर्ड तसाच आहे. लाल, ठळक. रिक्षातून दिसतो. खालची ओळ नाही वाचता येत.