आधी ‘समाप्त’, मग सर्टिफिकेट

लोणार,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दीपकदादास,
राखीचा सा. न. वि. वि.

तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास त्याला आज अकरा दिवस झाले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर तिथल्या मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी टांग्याचं रिझर्वेशन मागत होते.

मी केलं तरी काय? तुमच्या चिखलीची दिलखुश टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय होणार, त्याआधी १४ डिसेंबरला शेवटचा मेळावा, आणि त्यात सिनेमाच्या इतिहासातलं सर्वांत उत्तम वर्ष जाहीर करायचं, हे सगळं तूच कौतुकानं लिहिलंस. ठरवायला पाच जणांची समिती, तिच्यात तू. सगळ्यांची मतं तूच मागितलीस. तुझ्या हर्षलनं स्वतःच्या जन्माचं वर्ष टाकलं, त्याला तू अंगठा दिलास. मी ‘१९८६’ एवढाच आकडा टाकला आणि खाली ओळ उमटली, दीपकदादा बाहेर पडले. माणसं शेतीच्या वाटणीवरून बाहेर पडतात, सुनांवरून पडतात. आकड्यावरून पडलेला तू जिल्ह्यात पहिलाच.

तुला कारण हवं असेल तर घे. त्या वर्षी आषाढात आई गेली आणि मी बोलणं सोडलं. आठ वर्षांची होते. मार्गशीर्षात जानेफळला आपल्या अप्पांचा टॉकीजचा तंबू लागला. बायकांच्या बाजूला पोत्यावर तानाआत्याच्या मांडीला टेकून मी बसले होते. उजेड पडला तोच पडद्यावर हिरोची आई मेली. मग सूड, मग कोर्ट, मग ‘समाप्त’. मग मध्यंतर आणि शेंगदाणे. आणि मग सेन्सॉरचं सरकारी सर्टिफिकेट आलं, आणि त्याच्यामागून तीच आई जात्यावर बसलेली, पदर कमरेला खोचलेला, हसणारी. आपल्या आईसारखाच खोचलेला. मी म्हणाले, आली. पाच महिन्यांतला माझा पहिला शब्द, असं तानाआत्या मरेपर्यंत सांगायची.

ऑपरेटर बशीरभाईंनी रिळांच्या पेट्या चुकवल्या, दुसरी आधी लावली, हे मला फार पुढे कळलं. त्यापायी अप्पांनी त्यांना काढलं, हेही. पण दादा, बाकी सगळ्या सिनेमात माणसं मरतात आणि मेलेलीच राहतात. त्या वर्षी जानेफळात ती मध्यंतरानंतर परत येत होती. याच्याहून उत्तम वर्ष तुझ्या समितीनं मला दाखवावं.

वहिनीला नमस्कार. रागावला असशील तर रागावूनच लिही, पण लिही.

तुझी आगाऊ बहीण,
राखी

•

चिखली,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राखीस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. मी रागावलेलो नाही. ग्रुपवर रोज सकाळी चाळीस लोक सूर्यफुलाचे फोटो पाठवतात, त्याला कंटाळून बाहेर पडलो. योगायोग तुझ्या आकड्याचा.

समितीचं म्हणशील तर तू सुखी आहेस की तू तिच्यात नाहीस. अध्यक्ष नारायणराव. त्यांना ते वर्ष हवं, ज्या वर्षी ते नगरसेवक होते आणि दिलखुशमध्ये पंखे बसले. सिनेमे कोणते लागले हे त्यांना आठवत नाही, पंखे किती ते आठवतं. अन्नपूर्णाबाई, आमच्या निवृत्त हेडमास्तरीण, त्यांचं म्हणणं देवादिकांचा सिनेमा आला ते वर्ष, लोक चपला बाहेर काढून आत जात ते. त्याच वर्षी गावातल्या दोनशे चपला चोरीला गेल्या, हे त्या सांगत नाहीत. उरलेले दोघे सभेत झोपतात आणि मतदानाला जागे होऊन विरोधात हात वर करतात.

तुझं वर्ष मात्र बसत नाही. एक तर तंबू जानेफळचा, टॉकीज चिखलीची. दुसरं, त्या वर्षी धड सिनेमे नव्हते. तिसरं म्हणजे भावना वेगळी आणि इतिहास वेगळा, हे तू पोरांना शाळेत शिकवतेस, तुला मी काय सांगू. तेव्हा हा विषय आता पुरे.

तुझा गुडघा कसा आहे? छकुलीचा अभ्यास? तळ्याचा रंग बदलला असं पेपरात होतं, खरं का? थंडी वाढतेय, स्वेटर घालत जा.

आशीर्वाद आहेतच,
दीपकदादा

•

लोणार,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न.

एका पत्रात तीन कारणं! माझ्या वर्गात ज्या पोरानं गृहपाठ केलेला नसतो तो तीन कारणं देतो. केलेला असतो तो वही देतो.

काल शाळा सुटल्यावर विवराच्या कडेला जाऊन बसले. तू कधी त्याच्याकडे नीट पाहिलंस का? चारी बाजूंनी बाल्कनी, उतरती, झाडांनी भरलेली, आणि तळाशी पडदा. मी एकटीच प्रेक्षक. ऊन उतरलं तसं पाण्यावर काहीतरी हलायला लागलं आणि मला वाटलं, आता सर्टिफिकेट येईल. पाऊण तास बसले. आलं नाही. टिटव्या तेवढ्या ओरडल्या, बहुतेक रीळ तुटलं म्हणून.

तिथंच सुचलं की मेळाव्याला बशीरभाईंना बोलवावं. इतक्या वर्षांचा ऑपरेटर, आज जानेफळात मोटर वाइंडिंगच्या दुकानात तारा गुंडाळत बसतो. त्याला समितीनं एक शाल तरी द्यावी. हे तुला सुचवताना मला दुसरंच आठवलं. तानाआत्याच्या तेराव्याला तू जीपमधून उतरलास, फाटकाशी बशीरभाई उभे दिसले, आणि चहाही न घेता परत बसलास. दुकानात माल उतरायचा आहे म्हणालास. तुझं दुकान वह्या-पेनांचं. भर मे महिन्यात कोणता माल बे? (मोठ्या भावाला बे म्हटलं, माफ कर. पण म्हटलं.)

जानेफळला तू येत नाहीस, बशीरभाईंचं नाव काढत नाहीस, आणि ८६ म्हटलं की पळतोस. तू काऊन इतका भेतोस त्या वर्षाले? त्यांनी तुझं काय केलंय? की तू त्यांचं?

उत्तर आलं नाही तर मी चिखलीला येऊन समितीसमोर बसेन, आणि मला तू ओळखतोस.

वाट पाहणारी,
राखी

•

चिखली,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. राखीस,
आशीर्वाद.

चार कागद फाडले. हा पाचवा.

बशीरभाईंनी पेट्या चुकवल्या नाहीत. मी बदलल्या.

आदल्या दिवशी, गुरुवारी, मी तो सिनेमा इथंच दिलखुशमध्ये पाहिला होता. सोळा वर्षांचा होतो, शिकायला इथं. शुक्रवारी दोन्ही पेट्या एसटीच्या टपावर टाकून मीच जानेफळला आणल्या. एकीवर खडूनं ‘आधी’ लिहिलेलं, दुसरीवर ‘नंतर’. वाटेत सारखं एकच डोक्यात. तानाआत्या तुला तंबूत आणणार, आणि तू आईला पुन्हा एकदा मरताना बघून घरी जाणार. मेहकरला गाडी बदलताना थुंकी लावून दोन्ही शब्द पुसले आणि उलटे लिहिले. एवढंच. त्यात अक्कल नव्हती. लोक आरडाओरडा करतील, तंबू जाळतील, काही सुचलं नाही. तू हसत घरी जावीस एवढंच होतं.

तू हसलीस. लोकांनीही सर्टिफिकेट आल्यावर टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी म्हणे, कालच्यासारखाच उलटा लावा. पण अमरावतीहून वितरकाचा माणूस आलेला होता. तो म्हणाला, असला ऑपरेटर ठेवाल तर यापुढे सिनेमा मिळणार नाही.

अप्पांनी तंबूच्या दाराशी बशीरभाईंना काढून टाकलं. विचारलं काही नाही, फक्त सांगितलं. मी खांब धरून तीन हातांवर उभा. बोलायचं म्हणून तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आणि राखी, मी जांभई दिली. उघडलेल्या तोंडाचं दुसरं काय करावं ते कळेना, म्हणून जांभई दिली.

लहानपणापासून त्यांना सलाम केल्याशिवाय मी तंबूत शिरत नसे. त्यानंतर केला नाही. कोणत्या हातानं करणार? आधी उद्या सांगू म्हटलं, मग अप्पा गेल्यावर सांगू. अप्पा गेले त्यालाही आता बावीस वर्षं झाली.

आता हे वर्ष समितीपुढे मांडायचं तर हेही मांडावं लागेल. त्यापेक्षा नारायणरावांचे पंखे बरे.

दीपक

•

लोणार,
५ डिसेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी मला तुझाच राग आला. एकोणचाळीस वर्षं मी त्या संध्याकाळचं श्रेय देवाला देत होते. निघालास तू. उतार मोठा आहे, सवय व्हायला वेळ लागेल.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीनं जानेफळला गेले, तुझं पत्र पर्समध्ये. तुला विचारलं नाही, कारण तू तीन कारणं दिली असतीस. बशीरभाई आता चौऱ्याहत्तरचे. दुकानात खुर्चीवर बसून पाण्यातल्या मोटरची तार गुंडाळत होते. नात महनूरनं चहा केला. मी पत्र वाचून दाखवलं. मेहकरच्या थुंकीपर्यंत आले आणि म्हातारा हसायलाच लागला. इतका, की महनूर आतून पाणी घेऊन आली.

मग म्हणे, अवो बाई, मंग सर्टिफिकेट कुठी गेलतं? मला कळेना. म्हणे, कोन्ताबी सिनेमा सर्टिफिकेटानं सुरू होते. पयल्या रिळाले सर्टिफिकेट नाही, हे आंधळ्या ऑपरेटरलेबी समजते. म्या तं दिवस असतानीच पट्टी उजेडाले धरून पाह्यली होती. पेटी बदललेली, अन् खडूचं अक्षर दीपकचं.

म्हणजे दादा, त्यांना माहीत होतं. सगळं, पहिल्या रिळाच्या आधी. मी विचारलं, मग लावलंत कशाला? तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, पोट्ट्यानं काहीतरी इचार करूनच केलं असन. बायाच्या बाजूले पाह्यलं तं तुम्ही बसल्या होत्या. तुमच्या मायच्या हातच्या भाकरी म्या चार वर्स खाल्ल्या. मलेबी वाटलं, परत येऊन राह्यली तं येऊ द्या.

मी तिथंच दुकानात रडले. महनूरला वाटलं चहात काही पडलं.

पण तुला एवढ्यावर सोडणार नाही. नोकरीचं त्यांना काही वाटत नाही. वाइंडिंग शिकलो ते बरंच झालं म्हणाले, तंबूही पुढे दोन वर्षांत बसला. अप्पांचं मात्र लागलंय. मालकानं एक डाव इचारलं असतं तं सांगतलं असतं, इचारलंच नाही, असं दोनदा म्हणाले. आणि तुझं त्याहून जास्त लागलंय. पेट्याचं काही नाही म्हणे, पण पोट्ट्यानं सलाम बंद केला.

१४ तारखेला ते चिखलीला येतायत. मशीन आपण चालवणार म्हणाले, आणि कार्यक्रम आपल्या पद्धतीनं. मला येता येणार नाही, छकुलीची परीक्षा अकोल्याला. तेव्हा तिथं तू एकटा. तोंड उघडशील तेव्हा आत जांभई नाही ना, आधी पाहून घे.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
राखी

•

तुझा,
दीपकदादा

असाच जीव लावत राहा आणि पुढच्या रविवारी जेवायला ये, छकुलीलाही आण.

पत्र शेवटाकडून सुरू केलं म्हणून बुचकळ्यात पडू नकोस. काल सगळं असंच झालं. बशीरभाईंनी अट घातली, कार्यक्रम उलटा. त्यामुळे आधी आभारप्रदर्शन. न झालेल्या भाषणांबद्दल वक्त्यांचे आभार मानले, तेव्हा पहिल्यांदाच ते आभार मला खरे वाटले. मग अध्यक्षीय समारोप. नारायणराव उठले आणि अद्याप काही झालेलंच नसल्यामुळे अडीच मिनिटांत बसले. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, हीच पद्धत तालुकाभर लागू करावी.

मग मध्यंतर, शेंगदाणे. मग मी.

सगळं सांगितलं. खडू, थुंकी, खांब, जांभईसुद्धा. जांभईला कोणी हसलं नाही. तीच मला भीती होती, राखी, की हसतील. मग म्हणालो, माझ्या मते वर्ष १९८६, सिनेमे कोणते आले ते विचारू नका. नारायणरावांनी विचारलं, निकष कोणता? अन्नपूर्णाबाईंनी सगळ्यांत आधी हात वर केला आणि म्हणाल्या, त्या वर्षी एक बाई परत आली होती, बाकी कोणत्या वर्षी आली असेल तर दाखवा. झोपणारे दोघे जागे झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बाजूनं मत दिलं. नारायणरावांनी पंख्यांबद्दल लेखी मतभेद नोंदवला. ठराव पास.

फिल्म कुठून आणणार? पण मशीनचा दिवा बशीरभाईंनी दिवसभर खटपट करून पेटता केला, आणि मोकळाच लावला. पडद्यावर नुसता पांढरा उजेड. छपरात पारवे राहतात, ते दचकून उडाले आणि त्यांच्या सावल्या पडदाभर पसरल्या. झोतात इतकी धूळ, की धुक्यात बसल्यासारखं वाटलं. दोनशे माणसं त्या रिकाम्या पडद्याकडे पाहत होती, मोबाईल कोणी काढला नाही. प्रत्येकाला काहीतरी दिसत असणार. माझ्या शेजारचा म्हातारा मध्येच हसला, मग डोळे पुसले. मला काय दिसलं ते तुला सांगायला नको. पदर कमरेला खोचलेला होता.

मी उठून वर मशीनच्या खोलीत गेलो. ते पाठमोरे. मी सलाम केला. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, एकोणचाळीस वर्साचे सगळे एकदमच देतं काय बे, दम घे. मी दम घेतला. मग दुसरा केला. त्यांनी दिव्यावरचा हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. चटका बसला. काढा म्हणालो नाही.

सगळ्यांत शेवटी दीपप्रज्वलन, आणि त्यानंतर अन्नपूर्णाबाईंनी सर्वांचं स्वागत केलं. स्वागत ऐकून लोक घरी जायला निघाले. उद्यापासून भिंती पडतील. ग्रुपमध्ये मला परत घे, सूर्यफुलांसकट.

इकडे आम्ही सगळेच खुशाल आहोत.

चि. सौ. राखीस,
अ. आ. वि. वि.

चिखली,
१५ डिसेंबर. वर्ष ठरलंय तेच.