बिनधारेची तलवार

१२ मार्च
मुखेडला रुजू झाले. लातूरहून येताना एसटी वाटेत दोनदा बंद पडली, तरी आज कशाचाच राग आला नाही. दारावर पाटी लागली आहे : लुंबिनी सोनकांबळे, नायब तहसीलदार. घरी बापूंना तिचा फोटो पाठवला. एव्हाना अख्ख्या गल्लीनं तो पाहिला असणार. राहायला दोन खोल्या आहेत, मागं कडुनिंब आहे. शेजारणीनं आल्या आल्या भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून दिलं. आता आठवडी बाजारातून एक माठ आणायचा.

१७ मार्च
तांबटसांगवीत सत्कार झाला. गावातले मोठे शेतकरी शिवशंकरराव यांनी घरासमोर मांडव घातला होता. शाल, नारळ आणि शेवटी तलवार. हल्ली सत्कारात देतात तसली पत्र्याची असेल असं वाटलं. ही खरी निघाली. चांदीची मूठ, जरीचा गोंडा, मखमली म्यान, पात्यावर उर्दू अक्षरं. धार मात्र नाही, मिरवायचीच. त्यांचे आजोबा इथल्या जहागीरदाराच्या फौजेत कप्तान होते, त्यांना ती मानाची म्हणून मिळालेली. एवढी मोलाची वस्तू कशी घेऊ, असं मी म्हटलं. अधिकाऱ्याची चीज अधिकाऱ्याकडंच शोभते, दोन्ही हातांनी घ्या, असं ते म्हणाले. घेतली. टाळ्या वाजल्या. त्यांची मुलगी तनुजा जूनमध्ये फौजदार म्हणून रुजू होणार आहे. तिच्याशी बोलावंसं वाटत होतं, पण ती खाली मान घालून उभी होती, नंतर दिसलीच नाही.

ऑफिसात नोंद करायची आहे. तोवर भिंतीवर टांगली. छान दिसते.

२३ मार्च
एका निवृत्त उर्दू मास्तरांनी पात्यावरची अक्षरं वाचून दिली. ‘तांबटसांगवीत चोख बंदोबस्त राखल्याबद्दल.’ कसला बंदोबस्त, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खोलीत आंबूस वास येतो. आजोळी पेवातून काढलेल्या जुन्या ज्वारीला यायचा, तसा. माझ्याकडं ज्वारी नाही, मी पीठच आणते. सगळे डबे हुंगून पाहिले. शेवटी म्यानाला नाक लावलं.

२ एप्रिल
दुपारी जेवून पडले होते. एकाएकी श्वास आत जाईना. डोळे उघडे, डोक्यावर पंखा फिरतोय, आणि हवा नाही. फरशीखालून थापा येत होत्या. एका हाताच्या नव्हत्या, पुष्कळ हातांच्या. कसाबसा श्वास सुटला तेव्हा खोकल्याची उबळ आली आणि तळहातावर ज्वारीचे दाणे पडले. काळे, बुरशी धरलेले.

डॉक्टर म्हणाले दमा असेल. दाणे त्यांना दाखवले नाहीत.

६ एप्रिल
तांबटसांगवीच्या बौद्धवाड्यातल्या केवळाबाई दाखल्यासाठी आल्या होत्या. मी तलवारीचं विचारलं, तशा उठून दार लोटून आल्या.

त्या गावात आपल्या लोकांनी कप्तानाचं ओझं फुकट वाहायला नकार दिला होता. त्यानं पुरुष, बायका, तान्ही पोरं सगळी पेवात उतरवली आणि तोंडावर दगड ठेवला. पेव म्हणजे जमिनीतली खोल कोठी. बंद पेवातली हवा माणूस मारते. आधी कंदील सोडून बघतात, विझला तर कुणी उतरत नाही. खालून थापा येत राहिल्या, मग थांबल्या. पेव पुन्हा उघडलंच नाही. बंदोबस्त तो हा. पुढं कप्तान भर उन्हात अंगणातल्या बाजेवर गुदमरून मेला, तोंडात ज्वारी. मग ज्याच्याकडं तलवार गेली, तो तो.

केवळाबाईंची आजेसासू तेव्हा माहेरी होती म्हणून वाचली. निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "ठिवू नको ती घरात, माय. लई वंगाळ चीज हाय."

८ एप्रिल
तलवार परत द्यायला गेले. शिवशंकररावांनी हात मागं बांधले, शिवायला तयार नाहीत. वडील गेले, थोरला भाऊ गेला, दोघंही हुद्द्यावरचे, ती अधिकाऱ्यालाच धरते. नदीत टाकली तर माळ्यावर परत सापडली. आता पोरगी अधिकारी होऊन राहिली, पाळी तिची होती. म्हणून मला दिली. सगळं कबूल केलं. अधिकारी तर पुष्कळ आहेत, मीच का, असं विचारलं.

"तुमच्यातलेच हायत की ते, मॅडम. तुम्हाला काय करतेत?"

मग चहा मागवला. मी घेतला नाही.

१० एप्रिल
पुन्हा. ऑफिसात, लोकांसमोर. टेबलाखालून थापा. रुमालात दाणे, आणि दाण्यांत एक दात. दुधाचा.

रुमाल धुतला नाही. समोर ठेवून संध्याकाळपर्यंत बघत बसले. भीती वाटत नव्हती. दुसरंच काही वाटत होतं.

१३ एप्रिल
शिवशंकररावांना फोन केला. पेव उघडा, स्वतः उतरा, तलवार आतल्या लोकांच्या पायाशी ठेवा, माफी मागा. नाहीतर तनुजा रुजू होईल त्या दिवशी तिचा सत्कार मी करीन, आणि दोन्ही हातांनी घ्यायला लावीन. आधी तनुजाचं नाव घेऊ नका म्हणाले. मग म्हणाले, हाव, उतरतो.

आज भाकरी गोड लागली.

१५ एप्रिल
गोठ्यामागं पेव आहे. दोन गड्यांनी दगड सरकवला. मग शिवशंकररावांनीच त्यांना घरी पाठवलं, लाज वाटत असावी. कंदील मी सोडला.

विझला.

ते पाठ फिरवून चपला काढत होते. कंदील वर ओढून घेतला आणि म्हटलं, हवा चांगली आहे.

मी आणलेली तलवार काखेत धरून ते उतरले. एकदा खोकले. मॅडम, अशी हाक मारली. मग खाली काहीतरी पडलं. शिडी मी ओढून घेतली. दगडही मीच — दोन गडी लागणारा — एकटीनं कसा —

त्यावरच बसून लिहितेय. थापा येतायत. एकट्या माणसाच्या. मी वाकून सांगितलं, कप्तानाचं रक्त आहे, घ्या. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

थांबल्या.

नाही — पुन्हा. आता पुष्कळ हात. कुणीतरी विचारतंय, साहेब आला का. दुसरं म्हणतंय, ह्यो न्हाई. साहेब वर बसलाय —

मांडीवर हे काय — तलवार — ती तर त्यांच्या काखेत —

दगड हलतोय. वास. श्वास पुरत नाही. मी ओरडून सांगतेय, मी तुमच्यातली, ऐका, मी लुंबिनी, मी तुमच्या—